पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या बॅटरी गाडीच्या बॅटऱ्या कशा सांभाळाव्यात

कोकणातल्या नि गोव्यातल्या रिसॉर्टांवर पाहुण्यांना गेटपासून खोलीपर्यंत नेणाऱ्या बॅटरी गाड्या मृग लागला की शेडमध्ये जातात. कुणी त्यांना बग्गी म्हणतं, कुणी गोल्फ कार्ट. काही गणपतीत बाहेर निघतात, बऱ्याचशा थेट नवरात्र-दिवाळीच्या तोंडावर. मधल्या काळात बाकी गाडीचं फार काही बिघडत नाही. चेसिसवर गंज चढतो, सीटवर बुरशी येते, ते घासूनपुसून निघतं. बॅटऱ्यांचं तसं नाही. चार महिने कुणी ढुंकून पाहिलं नाही, तर दसऱ्याला अख्खा संच बदलायची वेळ येऊ शकते, आणि या गाडीत नेहमी बदलाव्या लागणाऱ्या वस्तूंत सगळ्यात महाग तोच.

याबद्दलचे सल्ले शोधले तर बहुतेक थंड देशांतल्या गोल्फ मैदानांसाठी लिहिलेले सापडतात: नोव्हेंबरात पूर्ण चार्ज करा, वायर काढा, वसंतात या. तिकडे ते चालतं, कारण थंडीत बॅटरी स्वतःहून फार हळू उतरते. त्यांना भीती असते ती ॲसिड गोठण्याची. पूर्ण चार्ज बॅटरी उणे ६० अंशांच्या आसपासही टिकते, उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पातळ झाल्यामुळे शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून डबा फुटू शकतो. मालवणला किंवा गुहागरला जुलैत शेडमध्ये २६ ते ३० अंश तापमान आणि भिंती घामेजलेल्या. आपला ऑफ-सीझन उबदार आणि ओला असतो, म्हणून 'चार्ज करून विसरा' हा सल्ला इथे चालत नाही. इथे महिन्यातून एकदा शेडमध्ये जावंच लागतं.

बॅटरी उतरते कशी

लेड-ॲसिड बॅटरी काहीही न जोडता ठेवली तरी तापमानानुसार महिन्याला साधारण ५ ते १५ टक्के उतरते. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेट धरतं. ते ताजं असेपर्यंत चार्जिंगने परत विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की त्याचे कडक स्फटिक होतात, मग कितीही चार्ज करा, प्लेटचा तेवढा भाग कामातून गेलेला असतो. बॅटरी 'बसली' असं आपण म्हणतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच सल्फेशन असतं.

त्यात गाडीतल्या छोट्या चोऱ्यांची भर. ४८ व्होल्टचं १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर (दिवे, हॉर्न, पंखा यांच्यासाठी), चार्ज दाखवणारा मीटर, मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, नंतर बसवलेली म्युझिक सिस्टीम, जीपीएस. यांतलं काही ना काही चावी बंद असतानाही थोडा करंट पीत असतं. हा करंट फक्त ५० मिलिअँपिअर धरा. ०.०५ गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस म्हणजे महिन्याला ३६ अँपिअर-तास. संच १५० अँपिअर-तासांचा असेल आणि आपोआप उतरण्याचे १० टक्के, म्हणजे १५, त्यात मिळवले तर महिन्याला ५१ गेले. जूनच्या सुरुवातीला फुल्ल केलेली बॅटरी ऑगस्टअखेर कोरडी ठणठणीत. तीच बॅटरी नीट सोडवून ठेवली असती तर तेव्हा सत्तर टक्क्यांच्या आसपास असती.

आणखी एक जुगाड मी बऱ्याच गाड्यांत पाहिलाय: दिव्यांसाठी कन्व्हर्टर न बसवता चारांपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेले असतात. मग ती एकच बॅटरी सतत बाकीच्या तिघींच्या मागे राहते आणि सगळ्यात आधी मरते. अशी वायर दिसली तर पावसाळ्याआधी तरी काढाच. पुढच्या सीझनला कन्व्हर्टर बसवा.

तुमच्या गाडीत काय आहे ते पाहा

सीट उचला. ३६ व्होल्टच्या गाडीत ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असतात. ४८ व्होल्टच्या गाडीत ८ व्होल्टच्या सहा, १२ व्होल्टच्या चार किंवा ६ व्होल्टच्या आठ. वरती पाण्याची झाकणं असतील तर ती ओली लेड-ॲसिड, पुढचं बरंचसं तिच्यासाठी आहे. झाकणं उघडत नसतील आणि लेबलवर एजीएम किंवा जेल लिहिलेलं असेल तर पाण्याचा आणि ग्रॅव्हिटीचा (ॲसिडच्या घट्टपणाचा) भाग सोडा, बाकी सगळं तसंच. एकच मोठी पेटी असेल तर बहुधा लिथियम. तिचे नियम जवळजवळ उलटे आहेत, ते शेवटी.

धुणं आणि सुकवणं

हे काम मे महिन्याच्या शेवटच्या उन्हात उरका. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. अंगठी, कडं, गळ्यातली चेन काढून ठेवा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. दोन टर्मिनलांत पाना आडवा पडला तर तो लालबुंद होतो.

बॅटरीच्या डोक्यावर चार्जिंगच्या वेळी उडालेल्या ॲसिडचा चिकट थर असतो. हा थर हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि पावसाळ्यात त्यातून एका टर्मिनलपासून दुसऱ्यापर्यंत बारीक करंट वाहायला लागतो. पटत नसेल तर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी तार निगेटिव्ह टर्मिनलला लावा आणि लाल टोक नुसतं बॅटरीच्या प्लॅस्टिकवर फिरवा. आकडा दिसला तर बॅटरी स्वतःच्याच डोक्यावरून उतरतेय.

झाकणं घट्ट बंद आहेत ना ते पाहा. चार लिटर पाण्यात वाटीभर खाण्याचा सोडा विरघळवून ब्रशने वरचा भाग, ट्रे आणि क्लॅम्प धुवा. फेस येणं थांबलं की ॲसिड संपलं. मग साध्या पाण्याने हलकेच धुऊन घ्या. प्रेशर वॉशर नको, झाकणाच्या भोकांतून सोडा आत गेला तर त्या सेलमधलं (झाकणाखालच्या कप्प्यातलं) ॲसिडच कमजोर होतं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड तारेच्या ब्रशने काढा, जोड कसा. एखादी केबल टोकाच्या धातूच्या कडीपाशी काळवंडली असेल किंवा वाकवल्यावर कुरकुरत असेल तर ती बदला. सगळं कोरडं झाल्यावर कसलेल्या जोडांवरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. जोडाच्या आत नाही, वरून. ग्रीसचा गोळा थापण्याची पद्धत आहे, पण त्यात धूळ बसून पुन्हा तोच चिखल होतो.

पाणी

इथे क्रम चुकतो. चार्जिंगमध्ये आतलं द्रव फुगतं. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड वर येऊन सगळा ट्रे भिजतो आणि धुतलेलं फुकट जातं. म्हणून चार्जिंगआधी झाकणं उघडून फक्त एवढंच बघा की प्लेटा बुडालेल्या आहेत का. उघड्या पडल्या असतील तर त्या झाकल्या जातील एवढंच पाणी घाला. पूर्ण चार्ज झाल्यावर पातळी झाकणाच्या नळीच्या खालच्या कडेपासून तीनेक मिलिमीटर खाली आणा.

पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, दुकानात 'बॅटरीचं पाणी' म्हणून मिळतं ते. विहिरीचं, बोअरचं, आरओचं नको, आणि पावसाचं 'शुद्ध' पाणी साठवून तर अजिबात नको. ॲसिड तर कधीच घालायचं नाही. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. ग्रॅव्हिटी कमी आली म्हणून वरून ॲसिड ओतणारे मेकॅनिक अजून भेटतात. त्यामुळे काट्यावर आकडा छान येतो आणि प्लेटा लवकर खाल्ल्या जातात.

पूर्ण चार्ज, आणि तो झाल्याची खात्री

चार्जरचा हिरवा दिवा म्हणजे चार्जरचं मत. खात्री हायड्रोमीटर देतो, म्हणजे द्रव ओढून त्याची ग्रॅव्हिटी मोजणारी काचेची नळी. गॅरेजवाले दशांश चिन्ह गाळून १२५०, १२७० असंच बोलतात, म्हणजे १.२५० आणि १.२७०.

गोल्फ कार्टच्या डीप-सायकल बॅटरीत २७ अंशांना पूर्ण चार्जची ग्रॅव्हिटी साधारण १.२७७ असते, अर्ध्यावर १.१७२. ट्यूब्युलर बॅटरीत पूर्ण चार्जचा आकडाच कमी, १.२४० च्या आसपास असू शकतो, तेव्हा बॅटरीचं पत्रक बघूनच ठरवा. द्रव गरम असेल तर २७ च्या वर प्रत्येक ५.५ अंशांना ०.००४ मिळवा. दोन-तीनदा द्रव ओढून सोडून मग वाचा, आणि नुकतंच पाणी घातलेल्या सेलचं वाचन घेऊ नका, वरचं पाणी अजून खाली मिसळलेलं नसतं. म्हणजे ग्रॅव्हिटी चार्ज संपल्यावर, पाणी भरण्याआधी घ्यायची.

सगळ्या सेलांचे आकडे वहीत लिहा. बॅटरीवर मार्करने १, २, ३, ४ घालून ठेवा, नाहीतर सप्टेंबरात कुठला आकडा कुणाचा ते कळत नाही. सेलांमध्ये ०.०३० पेक्षा जास्त फरक असेल तर चार्जरमध्ये इक्वलायझेशनची सोय आहे का पाहा. हे मुद्दाम केलेलं जादा चार्जिंग असतं. ते फक्त ओल्या बॅटरीला, हवेशीर जागी, आणि दर तासाला ग्रॅव्हिटी बघत करायचं. आकडे वाढायचे थांबले की बंद. एजीएम, जेल आणि लिथियमला हे चालत नाही.

हायड्रोमीटर नसेल किंवा बॅटरी सीलबंद असेल तर व्होल्टमीटरवर काम भागवता येतं. चार्जर काढल्यावर निदान सहा-आठ तास, शक्य तर एक रात्र थांबा. लगेच मोजलेला आकडा फसवा असतो. १२ व्होल्टच्या ओल्या डीप-सायकल बॅटरीला १२.७ म्हणजे पूर्ण, १२.५ म्हणजे ८० टक्के, १२.१ म्हणजे अर्धी. अख्ख्या ४८ व्होल्टच्या संचाला हेच आकडे साधारण ५०.९, ५० आणि ४८.४. 'अठ्ठेचाळीस दाखवतंय, म्हणजे फुल्ल आहे' हा समज यासाठीच घातक. अठ्ठेचाळीस म्हणजे निम्म्याच्या खाली.

वायरी कुठे सोडवायच्या

चावी काढा, फॉरवर्ड-रिव्हर्सचा खटका न्यूट्रलवर आणा. सीटखाली 'रन' आणि 'टो' असं लिहिलेलं बटण असेल तर ते 'टो'वर करा, त्याने कंट्रोलर झोपतो. पण टोवर गाडी मोकळी ढकलली जाऊ शकते, म्हणून चाकांना आधी लाकडी ठोकळे लावा. चार महिने पार्किंग ब्रेक दाबून ठेवण्यापेक्षा ठोकळे बरे, दमट हवेत ब्रेक ड्रमला धरून बसतो.

टोवर करूनही कन्व्हर्टर चालूच असू शकतो. त्यामुळे संचाची मुख्य निगेटिव्ह केबल सोडवून तिच्या टोकाला टेप गुंडाळणं हाच खात्रीचा उपाय. दर महिन्याला पाना लावायचा कंटाळा असेल तर इलेक्ट्रिशियनकडून तिथे मेन डिस्कनेक्ट स्विच बसवून घ्या. केबल काढण्याआधी मोबाइलने फोटो काढा. सप्टेंबरात गाडी जोडणारा माणूस बहुधा वेगळाच असतो.

चार्जरची जोडणी मुख्य केबलच्या कुठल्या बाजूला आहे तेही आत्ताच बघा. ती थेट बॅटरीवर असेल तर केबल सोडवूनही महिन्याचं चार्जिंग होतं. नसेल, किंवा चार्जर गाडीच्या कंट्रोलरशी बोलूनच सुरू होणारा असेल, तर चार्जिंगपुरती केबल जोडावी लागेल. जोडताना कंट्रोलरमुळे ठिणगी उडते, तिला घाबरू नका. पण चार्जिंग संपल्या संपल्या, बॅटरीतून गॅस निघत असताना, तिथे केबल काढू किंवा जोडू नका. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो. सीट उघडी ठेवा, शेडचं दार उघडा, तासभर जाऊ द्या.

शेड

छप्पर गळत नाही आणि हवा खेळते, एवढं पुरे. ताडपत्री गाडीवर घट्ट आवळून बांधू नका. खाली ओल कोंडते आणि चार्जिंगचा गॅसही. वरून झाकून बाजू मोकळ्या ठेवा. किनाऱ्याजवळ खारी हवा असल्याने समुद्राकडच्या बाजूला आडोसा असला तर टर्मिनलं जास्त टिकतात.

बॅटऱ्या काढून जमिनीवर ठेवल्या तर सिमेंट त्यांचा चार्ज पितं, असं जुने लोक सांगतात. लाकडी किंवा रबरी डब्यांच्या काळात त्यात तथ्य होतं, आताच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना लागू नाही. तरी फळीवर ठेवा. पावसाळ्यात फरशीला पाणी सुटतं. शक्यतो बॅटऱ्या गाडीतच राहू द्या, एकेकीचं वजन २५ ते ४० किलोंच्या घरात असतं, पाठ आणि जोड दोन्ही वाचतात.

उंदरांना वायरीचं आवरण आवडतं. सीटखाली गोण्या, चिंध्या, पाहुण्यांनी टाकलेली बिस्किटांची पाकिटं राहू देऊ नका आणि महिन्याच्या फेरीत टॉर्च मारून वायरींचा जुडगा बघा.

महिन्याची फेरी

हाच या सगळ्याचा कणा. दर महिन्याची एक तारीख ठरवा आणि नाव लावून एका माणसाकडे द्या. 'कुणीतरी बघेल' म्हटलं की कुणीच बघत नाही, विशेषतः शेतीच्या लावणीत निम्मा स्टाफ गावी असतो तेव्हा. त्या माणसाने करायचं ते असं: आधी प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज मोजून वहीत लिहायचं. मग प्लेटा बुडालेल्या आहेत ना ते बघून चार्जर लावायचा आणि चार्ज स्वतःहून पूर्ण होऊ द्यायचा. तासाभराने 'आता पुरे' म्हणून काढायचा नाही. अर्धवट चार्ज केलेल्या बॅटरीत तळाशी घट्ट आणि वर पातळ ॲसिड राहतं. शेवटच्या टप्प्यातल्या बुडबुड्यांनीच ते ढवळलं जातं.

व्होल्टेज ८० टक्क्यांच्या आकड्याखाली गेलं असेल, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.५ च्या खाली, तर महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी फेरी करा आणि कुठे करंट जातोय ते शोधा. चारांपैकी एकच बॅटरी दर वेळी मागे पडत असेल तर तिचा एखादा सेल जायला लागलाय.

मग चार्जर कायम लावूनच का ठेवू नये? चार्जर कुठला त्यावर आहे. नवे ऑटोमॅटिक चार्जर पूर्ण चार्जनंतर व्होल्टेज खाली आणतात, ४८ व्होल्टच्या संचाला ५४ च्या आसपास, किंवा थांबून काही दिवसांनी स्वतःच पुन्हा सुरू होतात. कंपनीच्या पत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तर घरात, भरवशाच्या विजेवर हे चालतं. जुना, घुमणारा ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर लावून ठेवला तर तो पाणी उकळवत राहतो आणि प्लेटा उघड्या पडतात.

आणि आपल्याकडची वीज. पावसाळ्यात दिवसात चार वेळा लाइट जाते-येते, प्रत्येक वेळी काही चार्जर पहिल्यापासून सायकल सुरू करतात. विजांचा कडकडाट असतो तेव्हा सॉकेटमध्ये लावलेला चार्जर हा त्या शेडमधला सगळ्यात सोपा बळी. म्हणून कोकणासाठी माझं मत सरळ आहे: माणूस हजर असताना महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज, मग प्लग बाहेर. सॉकेट १५ अँपिअरचं, अर्थिंग तपासलेलं आणि वर ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेलं असावं. ओल्या फरशीवरून एक्स्टेंशनची वायर ओढून चार्ज करू नका.

सीझन सुरू होण्याआधी

पाहुण्यांचं बुकिंग सुरू होण्याच्या निदान दोन आठवडे आधी हे करा, म्हणजे एखादी बॅटरी मागवावी लागली तर वेळ असतो. केबल जोडा, टोचं बटण रनवर आणा, पूर्ण चार्ज करून एक रात्र ठेवा. सकाळी व्होल्टेज आणि ग्रॅव्हिटी घेऊन मे महिन्याच्या आकड्यांशेजारी लिहा.

मग गाडीत चार माणसं बसवून चढावर न्या आणि चढ चालू असताना एकाने प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज मोजा. नुसती उभी असताना चांगली दिसणारी बॅटरी इथे उघडी पडते. तीन ११.८ वर आणि एक १०.५ वर आली, तर दोषी सापडली. संच वर्षा-दीड वर्षाचाच असेल तर तेवढी एक बदलता येते, तीही त्याच कंपनीची आणि त्याच क्षमतेची. चार वर्षं झालेल्या संचात एक नवी घालू नका. जुन्यांबरोबर तीही लवकर म्हातारी होते.

गाडीत लिथियम असेल तर

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या पेटीला पूर्ण चार्ज करून उबेत महिनोन्‌महिने ठेवणं मानवत नाही. ती ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा. स्वतःहून ती महिन्याला दोन-तीन टक्केच उतरते, पण तिच्या आतला बीएमएस, म्हणजे सेलांवर नजर ठेवणारं सर्किट, थोडा करंट खातो, म्हणून पेटीवर बटण असेल तर ते बंद करा आणि मुख्य केबल सोडवा. दीड-दोन महिन्यांतून एकदा टक्केवारी बघा. ३० च्या खाली गेली तर पुन्हा साठपर्यंत आणा. पूर्ण उतरली तर बीएमएस पेटी बंद करून टाकतो आणि साधा चार्जर तिला ओळखतही नाही. अशा वेळी बाहेरून थेट व्होल्टेज देऊन 'जागी' करण्याचे व्हिडिओ पाहून प्रयोग करू नका, कंपनीच्या माणसाला बोलवा. लेड-ॲसिडचा जुना चार्जर तिला लावायचा नाही. पेटीत पाणी शिरलं असेल किंवा ती फुगलेली दिसली तर चार्ज न करता शेडबाहेर मोकळ्या, कोरड्या जागी काढून ठेवा.

सीझनला परत चालू करताना एकदा १०० टक्के चार्ज करा आणि चार्जर काही तास तसाच राहू द्या. बीएमएसला सेल एका पातळीवर आणायला आणि टक्केवारीचा काटा जागेवर यायला तेवढा वेळ लागतो.

निकामी संच

लेड-ॲसिडच्या जुन्या बॅटऱ्यांना शिशामुळे वजनावर भाव मिळतो. नवा संच घेताना डीलर जुना परत घेऊन किंमत वजा करतो, तो भाव आधीच ठरवून घ्या. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे, त्यामुळे डीलरला नाही म्हणायला जागा कमी असते. दारावरचा भंगारवाला दोन पैसे जास्त देतो खरा, पण त्यातलं ॲसिड तो गटारात किंवा तुमच्याच माडांच्या मुळाशी ओतून मोकळा डबा नेतो.